पाइप गार होईपर्यंत

वेफर्सच्या पाकिटाच्या कोपऱ्यात हिरवं शून्य. शून्याच्या पोटात एक पान.

नव्या भिंतीच्या विटांच्या फटीत सिमेंट अजून ओलसर.

“माझ्याकडे बघायचंच नाही. बघितलंस की हसशील, आणि हसलीस की दोघांच्याही नोकऱ्या गेल्या.”

तळणीचं मशीन अचानक थांबलं की कानात दडे बसल्यासारखं होतं.

तपासनीसबाई दुपारी यायच्या होत्या. सकाळीच आल्या.

“म्हणजे आता कोळसा अजिबात नाही?” त्यांनी विचारलं.

“औषधालासुद्धा नाही,” मॅनेजर म्हणाले. “वेफर्सचं तेल आता विजेवर तापतं. पाकिटावर शून्य धुराचं वचन छापलंय आम्ही. या आमच्या हवामान अधिकारी. सगळी योजना यांचीच.”

कारखान्यात तिला ‘हवामान खातं’ म्हणत, कारण तिनं सांगितलेलं सहसा घडत नसे. योजना तिचीच होती, विजेच्या बॉयलरची. मॅनेजरांनी त्याऐवजी गवंडी आणला. कोळशाचा बॉयलर होता तिथंच राहिला, अलीकडून भिंत आली, आणि पलीकडची जागा कागदोपत्री मॅनेजरांच्या साडूची झाली. बॉयलरवालाही साडूचा झाला. वाफ तेवढी जुन्याच पाइपातून इकडे येत राहिली.

बॉयलरवाला तिचा बाप. माझ्याकडे बघायचं नाही, असं सकाळी बजावणारा तोच.

“आणि हा पाइप?” तपासनीसबाईंनी विचारलं.

“जुना आहे. बंद. हात लावून बघा ना,” मॅनेजर म्हणाले, आणि लगेच, “पण आधी चहा घेऊ.”

पाइप गार व्हायला अजून वेळ होता. तपासनीसबाई फाटकात दिसल्या तशी घाईघाईनं तळणीची लाइन बंद केली होती. लाइन बंद म्हणजे इकडे वाफ घेणारं कोणी नाही. पलीकडे आग तशीच, म्हणजे दाब चढत जाणार. आणि हे पलीकडे कळवायचं राहिलं होतं. कळवणार कोण? भिंतीवरून हाक मारायला आजच्या दिवस सगळ्यांना बंदी.

तिनं हात पाठीमागे घेऊन बाबांना फोन लावला. तो तिच्याच खोलीत वाजला. डब्याची पिशवी, फोनसकट, बाबा अजून सवयीनं तिच्या टेबलाखाली ठेवून जात.

चहा तपासनीसबाईंना नको होता. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. “अहो, कोणी आहे का पलीकडे?”

भिंतीवर बाबांचं डोकं आलं. काळवंडलेलं, हसरं. पिंपावर चढले असणार.

“नमस्कार, बाई. आम्ही शेजारी.”

“काय काम चालतं तुमच्याकडे?”

“कपडे धुतो. वाफेवर.”

“तुमच्याकडे बघून वाटत नाही.”

“चेहरा सोडून सगळं धुतो, बाई.”

तपासनीसबाई हसल्या. मॅनेजर जास्त हसले.

“इकडच्या लोकांशी ओळख आहे?”

“वेफर्स खातो, तेवढीच.”

“या मॅडमना ओळखता?”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. अगदी नीट, लग्नात समोरच्या पंगतीत बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

“नाही बुवा. नव्या दिसतात.”

तिला हसू आलं नाही. बॉयलरला आणि सासऱ्याला पाठ दाखवू नये, हे वाक्य बाबांचंच. आत्ता दाबाचा काटा त्यांच्या पाठीमागे होता. जास्तीची वाफ सोडायला सेफ्टी व्हॉल्व्ह होता खरा, पण म्हातारा. मनात आलं तर उठायचा, नाहीतर बाबा त्याला दांड्यानं दोन ठेवून द्यायचे. नवा व्हॉल्व्ह तिनं दोनदा मागितला होता. भिंत होणारच आहे, मग साडू बघेल, असं ठरलं होतं.

बाबा रंगात आले होते. “हॉटेलांच्या चादरी येतात आमच्याकडे. एकेका चादरीवर काय काय डाग असतात म्हणून सांगू…”

मॅनेजर तिच्या कानाशी लागले. “कमाल आहेत हो तुमचे वडील.”

पाइपाच्या सांध्यातून बारीक शीळ सुरू झाली. तपासनीसबाईंनी मान वळवली.

“बाबा,” ती म्हणाली. “आमची लाइन बंद आहे.”

मॅनेजर खोकले.

“कोणाला म्हणताय, मॅडम?” बाबा हसतच होते. डोळे मात्र सांगत होते, गप्प, माझे आई, गप्प.

“तुम्हाला. लाइन केव्हाची बंद आहे, बाबा. आग ओढा, निखारे बाहेर काढा.”

डोकं दिसेनासं झालं. पिंप आडवं पडल्याचा आवाज आला. मग फावडं. मग लोखंडावर दांडा. एकदा, पुन्हा, आणि मग नुसता लागोपाठ. ती भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी होती. भिंत थरथरत होती.

मग व्हॉल्व्ह उठला. भिंतीवरून पांढरी वाफ उसळली, आणि मॅनेजर हातवारे करून जे काही सांगत होते त्यातलं अक्षरही कोणाला ऐकू आलं नाही.

आवाज बसला. पलीकडून बाबा खोकल्याचं ऐकू आलं, तेव्हा कुठे तिनं भिंत सोडली.

तपासनीसबाईंनी पाइपाकडे नेलेला हात मध्येच थांबवला होता. लावायची गरज नव्हती, धग तिथपर्यंत येत होती.

“तुमचे वडील?”

“हो.”

“आणि वाफ?”

“आमची.”

त्या सकाळी घरातून निघण्याआधी बाबांनी तिच्या स्कूटरवरची आदल्या दिवसाची कोळशाची राख, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून, ओल्या फडक्यानं पुसून काढली होती.