बोडीखालची पडीत

हरकती ऐकण्यासाठी नगर पंचायतीच्या सभागृहात टेबल मांडले होते. पूर्वी इथे कोंडवाडा होता. भागीरथाबाई इथून आपली म्हैस सोडवून नेत. आज त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मागे शेजारीण रुख्मा.

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीखालची पडीत जमीन दुकानगाळ्यांसाठी द्यायची, असा ठराव झाला होता. हरकत घेणाऱ्या या दोघीच.

"काकू, चहा घ्या," नगराध्यक्ष उमेंद्र म्हणाला.

"चहा पाजून जागा घेतस का रे?"

लोक हसले. उमेंद्रही हसला. "जागा माही कुठं हाय, काकू? सरकारी पडीत हाय ते. गाळे झाले तं आपल्याच पोरायले भेटतीन."

जिल्ह्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला. "लहान मुलं पुरायची जागा, असं लिहिलंय. पण तशी नोंद नाही. जमीन वापरात नाही, असा अहवाल आहे."

"आता दवाखाने झाले, लेकरं वाचतेत," रुख्मा मागून बोलली. "म्हणून वापर नाई. माहे दोन हायत तिथं."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. "दगड, ओटा, काही खूण?"

"खूण नाई करत, साहेब," भागीरथाबाई म्हणाल्या. "खूण केली तं मायचे पाय तिकडंच वळतेत. अन सकाळी धानाच्या रोवण्याले जा लागते."

मग अधिकाऱ्यांनी जमिनीचा नकाशा पुढे सरकवला.

"ठराव मला थांबवता येणार नाही. पण तेवढ्या जागेला कुंपण घालून ती मोकळी सोडा, असं मी लिहू शकतो. फक्त कुठे, ते दाखवा."

रुख्मा उठून आली. पाळ कुठली, रस्ता कुठला, ते उमेंद्रला विचारून घेतले आणि एका जागी बोट टेकवले. "इथं. करंजीच्या झाडाच्या बुडाशी. सासऱ्यानं मरताना सांगतलं." अधिकाऱ्यांनी तिथे लहानसे वर्तुळ काढले.

"आणि तुमचं, आजी?"

"एक पोरगी. सतरा दिवसांची."

"कुठे?"

भागीरथाबाई नकाशावर वाकल्या. बोट पाळीपासून रस्त्यापर्यंत गेले, परत आले.

"दाखवा ना, काकू," उमेंद्र म्हणाला. "साहेब जागा सोडून राहिले तं."

"मी नवती गेली. बायका जात नाईत. दिव्याच्या आज्यानं नेलं होतं."

"म्हणजे तुमच्या यजमानांनी? मग त्यांना विचारून या. उद्यापर्यंत थांबतो मी."

"दिवाळीले वारला थो."

"त्यांनी कधी सांगितलं नाही?"

"इचारलं होतं एकदा. जेवून राहिला होता. ताट सारलं अन उठून बाहेर गेला. मंग नाई इचारलं."

सभागृहातला पंखा फिरत होता. नकाशाचे टोक उडाले, ते उमेंद्रने दाबून धरले.

"अंदाजाने दाखवा, आजी," अधिकारी हळूच म्हणाले. "कुठेही बोट ठेवा. मी लिहून घेतो."

भागीरथाबाईंनी बोट ठेवले नाही. त्यांनी सगळा पंजा नकाशावर पसरला. बोटे ताणली. मग दुसरा हातही त्याला लागून ठेवला.

तरी बोडीकडचा एक कोपरा उघडाच राहत होता.