खालच्या तारा

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांनी जुन्या बाजारातून आणलेला स्नेअर ड्रम टेबलावर ठेवला आणि भर दुपारी त्याचं वय काढायला बसले. नावाचा पितळी बिल्ला कुणीतरी उपटला होता. वरचं चामड्याचं पान काढून पाहिलं, तर कारागिरानं आत पेन्सिलीनं लिहिलेली तारीख पार पुसलेली. भिंग लावूनही आकडा लागेना.

"कधीचा रे बाबा तू?" काका वैतागून म्हणाले.

ड्रमच्या पोटाखालच्या तारा झणझणल्या. त्यात नवल नव्हतं. खोलीत कुणी बोललं की या तारा थरथरतातच. काकांचा उभा जन्म त्यात गेला होता.

काका गप्प बसले, पण तारा काही गप्प बसेनात. थोडं थरथरून त्या श्वास घेतल्यासारख्या थांबायच्या आणि पुन्हा अगदी तेवढंच थरथरायच्या.

काकांनी पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली. ओठ घट्ट मिटले. थरथर चालूच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू करवादल्या, "अहो, ते गृहस्थ मघापासून तीनदा वर्ष सांगताहेत. लिहून का घेत नाही?"