दोन विभागांमधली रेघ

लष्कराच्या उत्तर आणि पूर्व विभागांची हद्द कुठून न्यायची, यावर मुख्यालयात चार दिवस खल चालला होता. पाचव्या दिवशी ठरलं, डोंगर सोडायचा आणि नदी धरायची. रसद पोहोचवायला तेच सोयीचं होतं. ब्रिगेडियरसाहेबांनी नकाशेवाल्याला बोलावलं.

त्याने खोडरबर घेतलं आणि डोंगरावरची जुनी रेघ खोडायला बसला. रेघ गेली, त्याने कचरा फुंकला, तरी पुन्हा घासायला लागला.

"अहो, पुरे! कागदाला भोक पाडाल."

"नऊ वर्षांची रेघ आहे साहेब. फार चिवट निघाली."

साहेबांनी चष्मा चढवून पाहिलं. डोंगर आणि नदीच्या मधल्या पट्ट्यात एकच ठिपका होता. लष्करी इस्पितळाचा.

"तुमच्या मिसेस तिथेच नर्स आहेत ना? त्यांचा इकडे बदलीचा अर्ज दरवर्षी 'दुसरा विभाग' असा शेरा घेऊन परत येतो, तो?"

नकाशेवाल्याने खोडरबर खाली ठेवून मान डोलावली.

"उद्या पुन्हा टाका म्हणावं. आता तिथे सही माझी चालते."

जेवणाच्या सुट्टीत त्याने इस्पितळात फोन लावला. "अगं, आजपासून तुझं इस्पितळ आमच्या विभागात. साहेब स्वतः सही करतायत."

पलीकडे ती खुदकन हसली.

"कमाल झाली बाई! नऊ वर्षं आपण माझी बदली मागत बसलो, आणि शेवटी बदली झाली ती रेघेची."