मादलोमोकडचं कार्ड

"शेवटचे आठशे रँड मी काढून घेतले," मादलोमो म्हणाली. "बाकी पगार खात्यातच आहे. हे घे तुझं कार्ड."

तिने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून नोलुबाबालोचं बँकेचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. डब्यात आणखी वीस-पंचवीस कार्डं होती. दक्षिण आफ्रिकेतल्या मदान्त्साने वस्तीत, आमच्या गल्लीत, कुणाला कर्ज हवं असलं की कार्ड मादलोमोकडे तारण ठेवायचं आणि पिन नंबर तिच्या कानात सांगायचा. पगाराच्या दिवशी सकाळीच ती एटीएमवर जाते, पैसे काढून आधी आपला हप्ता घेते आणि उरलेले पाकिटात घालून ज्याचे त्याला देते. लोक मान खाली घालून पाकीट घेतात आणि फाटकाबाहेर पडले की तिला शिव्या घालतात.

नोलुबाबालो शाळेत स्वयंपाक करायची. चौदा महिने तिनेही तेच पाकीट घेतलं होतं. आज मात्र ती फडक्यात गुंडाळून पाव घेऊन आली होती. पहाटे भाजलेला, अजून कोमट.

"हे कशाला?" मादलोमोने संशयाने विचारलं.

"तुमचे उपकार झाले म्हणून."

"शंभराला तीस व्याज लावलं मी. उपकार कसले त्यात?"

"लावलंत ना. पहिले तीन महिने तुमच्या नावाने बोटं मोडली मी. मग कळलं, पाकिटात असतं तेवढंच आपलं. कपड्यांच्या दुकानाचं उधारीचं कार्ड कात्रीने कापून टाकलं. पोरीच्या वेण्या घरीच घालते. टीव्हीची डिश बंद केली."

"आणि नवरा?"

"महिनाभर बोलत नव्हता. मग शेजारी जाऊन फुटबॉल बघायला लागला. आता शेजारीण बोलत नाही."

मादलोमो हसली. तिने पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "शिव्या देणाऱ्यांचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "ते महिन्याभरात परत येतात. आभार मानणारी बाई धंद्याला वाईट."

तरी सवय कुठे जाते? तिने खण उघडला आणि दोन हजार रँडच्या नोटा मोजून कार्डाशेजारी ठेवल्या. नाताळ दहा दिवसांवर आला होता.

"पोरांना नवे कपडे घ्यायचे असतील ना? घेऊन जा. जानेवारीपासून फेड."

कर्ज फिटलेल्या प्रत्येकाला ती हेच म्हणायची, आणि बहुतेकांचं कार्ड त्याच पावली डब्यात परत जायचं. नोलुबाबालोने नोटांकडे पाहिलं. थोरल्याचे बूट अंगठ्याशी फाटले होते. धाकटी रोज दुकानाच्या काचेतला पिवळा फ्रॉक दाखवायची. तिने नोटांना हात लावला नाही. कार्ड मात्र बोटाने पुढे सरकवलं.

"पैसे नकोत, मावशी. पण जानेवारीपर्यंत हे कार्ड तुमच्याकडेच ठेवा."

"तारण कशाचं?"

"कशाचंच नाही. माझ्या हाताला भोक आहे. चौदा महिने तुम्ही होतात म्हणून निभावलं. आता उरलेला सगळा पगार खात्यात आहे, डिसेंबर आहे, आणि मला माझीच भीती वाटते. दर शनिवारी पाव आणून देईन."

मादलोमोने नोटा उचलून खणात टाकल्या आणि खण बंद केला.

"लोक ऋण काढून सण करतात म्हणून माझी चूल पेटते," ती म्हणाली. "मला पाच नातवंडं आहेत. नाताळात माझेही हात शिवशिवतात. तुझा स्वतःवर भरवसा नाही, आणि माझ्यावर ठेवतेस?"

"ठेवते. एक रँड कधी कमी दिला नाहीत तुम्ही."

मादलोमोने मान फिरवली. तिला असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते तिला लागलं. ती उठली, कार्ड उचललं आणि नोलुबाबालोच्या मुठीत कोंबलं.

"तुझा नंबर मला पाठ आहे," ती म्हणाली. "माझ्या थोरल्या नातवालाही आहे. घरी जाऊ नकोस. आधी मशीनवर जा आणि तो बदल. नवा कुणाला सांगू नकोस, मला तर नाहीच. पाव आणावासा वाटला तर आण."

दुकानांपाशी एटीएमची रांग रस्त्यापर्यंत आली होती. पगाराचा दिवस, त्यात डिसेंबर. नोलुबाबालो तासभर उन्हात उभी राहिली. मागचे पुढचे लोक बकऱ्याच्या मटणाचे भाव बोलत होते, गावी जायच्या गाड्यांचं भाडं बोलत होते. तिचा नंबर लागला तेव्हा मागचा माणूस रीतीप्रमाणे तोंड फिरवून उभा राहिला.

तिने जुने चार आकडे दाबले, मग नवे चार. मशीनने नवे पुन्हा विचारले. तिने ते पुन्हा, सावकाश दाबले. मग पडद्यावर शिल्लक आली. एवढा मोठा आकडा तिने चौदा महिन्यांत पाहिला नव्हता. खाली मशीन विचारत होतं, किती हवेत.

तिने कार्ड काढून घेतलं आणि बाजूला झाली.

तिचे रिकामे हात पाहून मागचा माणूस दचकला. "का हो ताई, मशीनमधले पैसे संपले?"

"नाही, भाऊ," नोलुबाबालो म्हणाली. "आहेत. माझेसुद्धा आहेत."