वण नसलेलं अस्वल
साठ सालच्या नव्या कायद्यानं सर्कशीतल्या जनावरांची नोंद सक्तीची झाली, म्हणून सांगलीत उतरलेल्या सर्कशीचं अस्वल तपासायला मी गेलो. "आवं सायेब, आजवर एक काठी मारली न्हाई ह्येला," अस्वलवाला आकाराम म्हणाला. केसांखाली चाचपलं, तर खरंच एकही वण नव्हता. चाबूक, काठी, टोचणी या तिन्ही रकान्यांत मी 'नाही' लिहिलं. तेवढ्यात शेजारच्या गुऱ्हाळावर गड्यांनी गूळ शिजवायची लोखंडी काहील खणकन चुलाणावर ठेवली. आवाज ऐकताच अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं आणि थंड मातीवर भराभर एकेक पाय उचलू लागलं. "नाच कसा शिकवलास?" मी विचारलं. "तापल्या काहिलीवर हुबं करून, तिचा काठ वाजवत. पर मारलं न्हाई, सायेब." कागदावर काहिलीचा रकाना नव्हता. मी सही केली आणि अस्वलाच्या तळव्यांकडे न बघता सायकल काढली.