हवेचा फोर्क

धाकट्याने सायकलच्या पुढच्या चाकाचा, धक्के झेलणारा फोर्क तिसऱ्यांदा खोलला आणि तिसऱ्यांदाही त्यात काही सापडलं नाही. सील शाबूत होतं. तेल स्वच्छ होतं. हवा भरली होती तेवढीच होती, कणभर इकडे नाही की तिकडे नाही. सकाळपासून त्याने चहाही घेतला नव्हता.

समोर स्टुलावर दादा बसला होता. हनुवटीला पाच टाके, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, आणि हल्ली वाढवलेली ती दाढी. गेल्या आठवड्यात तो दगडांच्या उतारावरून सायकलसकट खाली आला होता. त्या उतारावर तो चोवीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. आणि पडला तो नेमका, धाकट्याने बसवलेला नवा फोर्क घेऊन पहिल्यांदा गेला तेव्हा.

"मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, छोट्या. हवा चाकात असावी. फोर्कात स्प्रिंगच पाहिजे."

"सगळं जग हवेचे फोर्क वापरतंय, दादा."

"जगाला टाके पडले नाहीत."

हा वाद दोघांचा जुनाच होता. दादाच्या जुन्या फोर्कात पोलादी स्प्रिंग होती. एकोणीस वर्षं तीच. धाकटा त्याला लोखंडाचा गठ्ठा म्हणायचा आणि दादा नव्या फोर्कांना फुगे म्हणायचा. एरवी दोघं हसून सोडून द्यायचे. आज मात्र धाकट्याला हसू येईना. दगडाला आपटलं की फोर्कने दबायला हवं. हा दबलाच नाही, धक्का सरळ हातात आला आणि हँडल सुटलं, असं दादा सांगत होता. म्हणजे फोर्क कडक बसला होता. फोर्क बसवला होता धाकट्याने. दरीच्या दोन हात अलीकडे दादा अडकला म्हणून वाचला, नाहीतर आज या स्टुलावर कुणीच नसतं.

त्यात एक गोष्ट त्याला आतून खात होती. सायकलच्या दुकानाचा नियम त्यानेच घातलेला होता: गिऱ्हाइकाला सायकलवर बसवल्याशिवाय सायकल द्यायची नाही. माणूस बसला की फोर्क थोडा दबतो, नळीवरची रबरी रिंग वर सरकते, आणि ती कुठे थांबली त्यावरून हवा बरोबर आहे की नाही ते कळतं. दादाला मात्र त्याने बसवलं नव्हतं. तक्त्यात दादाच्या चौऱ्याऐंशी किलोसमोर जो आकडा होता तेवढी हवा भरली आणि मोकळा झाला. सख्ख्या भावाचं वजन काय विचारायचं? ते तर त्याला पाठच होतं.

आता त्याने नियम पाळला. फोर्क जोडला, हवा तितकीच भरली, आणि दादाला वर बसवलं. रिंग यायला हवी त्याच्या बरीच अलीकडे थांबली.

"बघ, दगड आहे दगड," दादा म्हणाला.

धाकटा स्वतः बसला. तो पंच्याऐंशीचा. रिंग जिथे यायला हवी तिथे बरोबर आली.

त्याला काही समजेना. एकच फोर्क एकाला बरोबर आणि दुसऱ्याला कडक कसा? शेवटी त्याने हट्टाने माळ्यावरून दादाचा जुना फोर्क काढला आणि त्याच सायकलला चढवला. त्या नळीवर एक कानसीची खूण होती. दादा बसला की रिंग तिथे यायची. दर वर्षी तेलपाणी करताना धाकट्याने ते पाहिलं होतं, अगदी गेल्या वर्षीसुद्धा.

"बस. आता तुझ्याच लाडक्या स्प्रिंगवर बस."

दादा जरा कुरकुरला. पाय दुखतो म्हणाला, उद्या बघू म्हणाला. मग बसला. फोर्क मऊसूत दबला, आणि रिंग खुणेच्या बोटभर अलीकडे थांबली.

धाकट्याने रिंग खाली घेऊन त्याला पुन्हा बसवलं. पुन्हा तिथेच. स्प्रिंग जुनी झाली की मऊ पडते, जास्त दबते. कमी दबत नाही. हे त्याला दादानेच शिकवलं होतं.

त्याच्या डोक्यावरचं मणभर ओझं उतरलं. फोर्क ठीक होता. त्याचा हात चुकला नव्हता. हसत हसत तो वर बघायला गेला, आणि पहिल्यांदाच त्याला दादाच्या अंगावरचं दोन मापं मोठं जाकीट दिसलं. दाढीच्या आतले गाल दिसले. हँडलवरच्या मनगटाची हाडं दिसली.

"दादा, तुझं वजन किती आहे?"

दादा सायकलवरून उतरला नाही. हँडलकडे बघत राहिला.

"तुला कोण बोललं? तुझी वहिनी?"

"कुणी नाही."

"एकाहत्तर," दादा म्हणाला. "पोटात गाठ आहे. तीन महिने झाले कळून. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. तू घाबरशील म्हणून..."

मग धाकट्याने नवा फोर्क परत टेबलावर घेतला आणि एकेक स्क्रू काढत तो पहिल्यापासून खोलायला लागला. कुठेतरी आपलीच चूक निघावी म्हणून.