कोरडा हिवाळा

"निवडुंग हिवाळाभर कोरडा ठेवला, तरच फुलतो," हे हेडमास्तरांचं ठाम मत. भांडून घर सोडलेल्या मुलालाही त्यांनी तोच नियम लावला. मास्तरीणबाई फोनकडे वळल्या, की ते डाफरायचे, "पाणी घालशील, तर मुळासकट सडेल!"

चौथ्या वर्षी खिडकीतल्या निवडुंगाला टपोरं गुलाबी फूल आलं आणि मास्तरांचा ताठा उतरला. त्यांनी स्वतःच मुलाला फोन लावून स्पीकर चालू केला. मास्तरीणबाई कानात प्राण आणून बसल्या.

"हे अंघोळीला गेलेत. आपण कोण?" एका तरुणीने विचारलं.

"म्हणजे तू सूनबाई!" मास्तर हरखलेच. "अगं, मी सासरा तुझा! आणि ही सासूही बसलीय शेजारी."

 

"काहीतरी गफलत होतेय, काका. ह्यांचे आईबाबा तर आमच्या लग्नाआधीच वारले."